पिठाचा कोंबडा आणि रोजचा एक डाव



"काकू, तुम्ही म्हणे दुपारी कॉम्प्युटरवर लढाई खेळता?" हा प्रश्न मला आतापर्यंत इतक्या जणींनी विचारला आहे की एकदा सविस्तर लिहूनच टाकावं म्हटलं. कुणी हसून विचारलं, कुणी काळजीने. स्वाध्याय मंडळातल्या एका अक्कांनी मात्र सरळ विचारलं, "अणुव्रतं घेतलेल्या बाईला हे शोभतं का?" सगळ्यांत खरा प्रश्न अक्कांचाच आहे. त्याला मी टाळणार नाही. पण आधी खेळ काय आहे ते सांगते, कारण विचारणाऱ्या बहुतेकींच्या डोळ्यांपुढे नातवंडांच्या मोबाईलमधली धडाधड चालणारी बंदूक असते.

माझ्या खेळात बंदूक दिसत नाही. दिसतो तो एक भला मोठा नकाशा. कराची-मुंबईपासून पार अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत. त्यावर षटकोनी घरं आखलेली आहेत, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. (मध आपल्याला वर्ज्य, उपमा चालावी!) एक घर म्हणजे सुमारे ४० सागरी मैल. खेळाचं नाव 'वॉर इन द पॅसिफिक: ॲडमिरल्स एडिशन'. २००९ साली मॅट्रिक्स गेम्सने तो काढला, म्हणजे आजच्या मुलांच्या हिशेबाने तो म्हाताराच. दिसायलाही तो सरकारी कचेरीतल्या रजिस्टरसारखा आहे. याद्या, आकडे आणि आणखी याद्या. विषय दुसऱ्या महायुद्धातलं जपान आणि दोस्त राष्ट्रांचं समुद्रावरचं आणि हवेतलं युद्ध. सुरुवात ७ डिसेंबर १९४१ ला, पर्ल हार्बरच्या दिवशी. आणि एक डाव म्हणजे युद्धातला एक दिवस. १९४५ संपेपर्यंत खेळायचं तर हिशेब करा, दीड हजाराच्या आसपास डाव होतात. हा खेळ खेळणारे लोक एकेक खेळ वर्षानुवर्षं चालवतात.

मी दोस्तांकडून खेळते. जपानकडून खेळतो माझा धाकटा मुलगा.

तो कॅनडात असतो. दोन वर्षांपूर्वी त्याचा संसार मोडला. कुणाचं काय चुकलं हा विषय इथे नको, दोन्ही लेकरं चांगलीच आहेत. पण तेव्हापासून त्याचं बोलणं आटलं. फोन केला की "बरा आहे", "जेवलो", "मीटिंग आहे". आई-मुलाचं बोलणं तीन वाक्यांत संपायचं. एका सुट्टीत तो इथे आला असताना लॅपटॉपवर तासन् तास हा नकाशा उघडून बसलेला असायचा. मी शेजारी खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, "हा तेलाचा आकडा रोज कमी का होतोय?" त्याने माझ्याकडे वळून पाहिलं. मग त्या एका आकड्यावर तो पाऊण तास बोलला. जाताना खेळ माझ्या कॉम्प्युटरवर घालून गेला आणि जाडजूड माहितीपुस्तिका छापून, स्पायरल बांधून दिली.

आमचा क्रम असा. तो त्याच्या रात्री दहा वाजता फाईल पाठवतो, ती माझ्या सकाळी येते. दर्शन, पूजा, स्वयंपाक, आमच्या यांचं जेवण, सगळं आटोपलं की दुपारी दोनला मी ती उघडते. आदल्या दिवशी काय घडलं ते आधी पडद्यावर उलगडतं. मग मी माझे हुकूम देते, कुठलं जहाज कुठे, कुठल्या विमानांनी विश्रांती घ्यायची, कुणी टेहळणी करायची. फाईल बंद करून त्याला परत पाठवते. त्याला माझे हुकूम दिसत नाहीत, मला त्याचे नाहीत. दोघांच्या हुकमांचा मेळ यंत्र घालतं. फाईलसोबत तो दोन ओळी लिहितो, मी चार लिहिते. लहानपणी पोस्टकार्डावर बुद्धिबळ खेळणाऱ्या मामांबद्दल ऐकलं होतं, तसंच हे.

आता तुम्ही म्हणाल, तुम्हाला यातलं काय कळतं? तर सांगते, मी सांगलीची १९८१ ची बी.कॉम. आहे. पदवीनंतर लग्न झालं आणि कॉस्टिंगचा पेपर मी पुढे चाळीस वर्षं कोठीच्या खोलीत सोडवला. चातुर्मासात हिरव्या भाज्या बंद, म्हणजे आधीच सांडगे-पापड-डाळींचा साठा किती हवा, पाहुणे अचानक आले तर किती उरलं पाहिजे, कुठल्या डब्याने तळ गाठण्याआधी वाण्याला चिठ्ठी जायला हवी. हा खेळ नव्वद टक्के तोच आहे. जहाजाला तेल लागतं. तेल कोलंबोत आपोआप उगवत नाही, ते इराणमधल्या अबादानच्या कारखान्यातून टँकरने आणावं लागतं. टँकरला पोहोचायला आठवडा-दहा दिवस, म्हणजे माझे तेवढेच डाव. टँकर एकटा सोडला तर पाणबुडी टपलेली, सोबत लढाऊ बोट दिली तर तीही तेल पिणार. मी एक लांब वही घातली आहे. डावीकडे जमा, उजवीकडे नावे, रोजकीर्द वेगळी, खतावणी वेगळी. मुलगा म्हणतो, "आई, लोक यासाठी स्प्रेडशीट वापरतात." मी म्हटलं, "वापरू देत."

हिशेब लिहिता लिहिता एक गोष्ट ध्यानात आली. ते सगळं युद्धच तेलाच्या खात्यातून निघालं होतं. जपान आपलं बहुतेक तेल अमेरिकेकडून विकत घ्यायचा. १९४१ च्या उन्हाळ्यात तो पुरवठा बंद झाला. साठा होता, पण रोज खर्च होत होता. मग सुमात्रातल्या पालेमबांगचं तेल घ्यायचं ठरलं, आणि वाटेत कुणी आडवं येऊ नये म्हणून बाकीचा हल्ला. म्हणजे लाखो माणसांच्या मरणाची सुरुवात एका रिकाम्या होत जाणाऱ्या टाकीत आहे. परिग्रह हे हिंसेचं मूळ आहे, हे आपण पाठशाळेपासून ऐकत आलो. या नकाशावर ते मला आकड्यांत दिसतं.

आता पहिल्या डावाची गोष्ट. युद्ध सुरू झालं तेव्हा 'प्रिन्स ऑफ वेल्स' आणि 'रिपल्स' या इंग्रजांच्या दोन बलाढ्य युद्धनौका सिंगापूरला उभ्या होत्या. प्रत्यक्ष इतिहासात ८ डिसेंबरच्या संध्याकाळी त्या शत्रूच्या शोधात उत्तरेला निघाल्या. डोक्यावर रक्षणाला एकही विमान नव्हतं. १० तारखेला जपानी विमानांनी दोन्ही बुडवल्या. सुमारे ८४० माणसं गेली. खेळात त्या दोन्ही तशाच, त्याच बंदरात, माझ्या हुकमाची वाट पाहत उभ्या होत्या. मी त्यांना पश्चिमेला कोलंबोकडे पाठवलं. मुलाने लिहिलं, "आई, पळालीस?" मी लिहिलं, "पळाले नाही, शिल्लक पुढे ओढली."

त्या दोन्ही नौका आजही माझ्याकडे आहेत. या खेळात शहाणपण बरेचदा न लढण्यात असतं, हे तिथेच कळलं. नव्या माणसाचा हात शिवशिवतो, जुना माणूस आधी विचारतो की समोर नक्की कोण आहे.

समोर कोण आहे हे कळणं हाच मुळी सगळ्यांत अवघड भाग. समुद्र मोठा, विमानं थोडी. टेहळणीचं विमान परत येऊन सांगतं, अमक्या घरात जहाजं दिसली. किती? कुठली? ते अनेकदा चूक असतं. युद्धनौका म्हणावी ती मालवाहू निघते. अहवालात 'बुडाली' लिहिलेली बोट महिन्याने धडधाकट समोर येते. प्रत्यक्ष युद्धातही वैमानिकांचे दावे असेच फुगलेले असत. रोजचा अहवाल वाचताना मी प्रत्येक वाक्याआधी मनातल्या मनात 'स्यात्' लावते. स्याद्वादाचा असा उपयोग होईल असं पाठशाळेच्या गुरुजींना वाटलं नसेल!

टेहळणीवरून एक खरी हकीकत सांगते, कारण ती आपल्या अंगणाजवळची आहे. एप्रिल १९४२ मध्ये जपानची विमानवाहू जहाजं हिंदी महासागरात शिरली होती. ४ एप्रिलला श्रीलंकेतल्या कोग्गला इथून उडालेल्या एका कॅटलिना विमानाने ती पाहिली. वैमानिक होते कॅनडाचे लिओनार्ड बर्चेल. त्यांनी बिनतारी संदेश पाठवायला सुरुवात केली आणि तेवढ्यात विमान पाडलं गेलं. ते आणि त्यांचे वाचलेले सोबती युद्ध संपेपर्यंत कैदेत राहिले. पण संदेश पोहोचला होता. ५ तारखेला कोलंबोवर हल्ला झाला तेव्हा बंदरातली बरीच जहाजं आधीच बाहेर काढलेली होती. त्याच दिवशी 'डॉर्सेटशायर' आणि 'कॉर्नवॉल' या दोन क्रूझर भर समुद्रात बुडाल्या, ४२४ माणसं गेली. ६ एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बॉम्ब पडले. ९ तारखेला 'हर्मिस' हे विमानवाहू जहाज बुडालं, त्यात ३०७ माणसं. ही हकीकत मी वाचून काढली आणि मुलाला लिहिली. त्याने उत्तर पाठवलं, "मी याच देशात राहतो आणि मला हे नाव माहीत नव्हतं." त्या दिवशी दोन ओळींऐवजी अर्धं पान आलं होतं.

तेव्हापासून माझ्या वहीत आणखी एक रकाना आहे, 'खरं काय झालं'. खेळात जे जहाज बुडेल, माझं असो की त्याचं, ते प्रत्यक्षात कधी बुडालं, किती माणसं होती, हे शोधून लिहायचं. तो जपानी जहाजांचं शोधतो, मी दोस्तांचं.

आता अक्कांच्या प्रश्नाकडे येते.

अक्का म्हणाल्या ते शास्त्राला धरूनच आहे. अनर्थदंडाचे पाच प्रकार आपण सगळ्या जाणतो. अपध्यान, पापोपदेश, प्रमादचर्या, हिंसादान, दुःश्रुति. त्यातलं अपध्यान म्हणजे दुसऱ्याचा जय, पराजय, वध, बंधन यांचं उगाच चिंतन करणं. आणि मी दुपारी दोन ते तीन दुसरं काय करते? घरगुती आरंभी हिंसा सुटत नाही, चूल पेटवावीच लागते. व्यापाऱ्याला उद्योगी हिंसा लागते, देशरक्षणाला विरोधी हिंसा. पण खेळाची गरज कुणाला आहे?

मला याहून जास्त टोचते ती यशोधर राजाची कथा. सोमदेवसूरींनी दहाव्या शतकात 'यशस्तिलक' लिहिलं ते हिच्यावरच. राजाला जिवंत प्राण्याचा बळी द्यायचा नव्हता. आईने, चंद्रमतीने, हट्ट धरला. शेवटी तडजोड झाली, पिठाचा कोंबडा करायचा आणि त्याचा बळी द्यायचा. रक्ताचा थेंब नाही, जीव नाही, नुसतं पीठ. तरीही त्या एका घावाने आई आणि मुलगा दोघंही जन्मोजन्मी पशुयोनीत फिरले, तो मोर झाला, ती कुत्रा झाली. लहानपणी ही कथा ऐकताना मला राजाचीच दया यायची. आता लक्ष आईकडे जातं. आई आणि मुलगा, आणि मध्ये पिठाचा कोंबडा. आमच्या दोघांच्या मध्ये पडद्यावरची जहाजं.

यंदा आमच्या गावात आर्यिका माताजींचा चातुर्मास होता. दुपारच्या चर्चेनंतर मी त्यांच्यापुढे हे सगळं जसंच्या तसं मांडलं, तेलाच्या वहीसकट. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग एकच विचारलं, "बोट बुडाली की तुला काय वाटतं?"

मी म्हटलं, "माताजी, माझी बुडाली तर हळहळ वाटते. त्याची बुडाली तर हिशेब जुळल्यासारखं वाटतं."

"तिथंच बघत राहा," त्या म्हणाल्या. "यशोधराला पीठ नडलं नाही. हे पीठ जिवंत मानलं जावं आणि बळी पोहोचावा, ही इच्छा नडली." थोडं थांबून म्हणाल्या, "दशलक्षणात दहा दिवस सोड. सुटतं का बघ. सुटलं नाही तर ते तुझं नाही, तूच त्याची आहेस असं समज."

घरी येऊन मी मुलाला लिहिलं, पंचमीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत डाव नाही. त्याचं उत्तर आलं, "ओके."

खरं सांगते, खेळ सहज सुटला. नकाशाची आठवण पूजेत एकदाही आली नाही. भीती वेगळीच होती. ती फाईल रोज सकाळी आली की मला कळायचं, लेकरू रात्री घरी आलं, बसलं, आपलं काम केलं, झोपायला गेलं. आता ती खूण नव्हती. उत्तम क्षमा, मार्दव, आर्जव, शौच, चार दिवस काहीच नाही. मी फोन केला नाही. म्हटलं, हाही संयमच.

पाचव्या दिवशी, उत्तम सत्यच्या सकाळी, मेल आला. फाईल नव्हती. "आई, यंदा एकाशन की उपवास? पाणी तरी नीट घेतेस ना?" मी उत्तर दिलं. सहाव्या दिवशी पुन्हा आला, आजीच्या पिठलं-भाकरीबद्दल. आणि आठव्या दिवशी, उत्तम त्यागच्या संध्याकाळी, त्याने आपणहून फोन केला. पाऊण तास बोलला. काय बोलला ते मी इथे लिहिणार नाही, ते त्याचं आहे. एवढंच सांगते की दोन वर्षांत जे नाव त्याच्या तोंडून निघालं नव्हतं ते त्या दिवशी निघालं, आणि ते रागाने निघालं नाही. क्षमावाणीच्या दिवशी त्याने तिलाही दोन ओळी पाठवल्या, असं नंतर कळलं.

मग आता खेळाची गरज काय, असं आमच्या सूनबाईंनी विचारलं. रास्त आहे. दहा दिवस डाव नव्हता तरी तो बोललाच की. पण मला वाटतं, रोजच्या दोन ओळींची सवय नसती तर त्या पाचव्या दिवशी त्याचा हात मेलकडे गेलाच नसता. आधी वर्षभर ताटात ताट लावून जेवलेली माणसंच एखाद्या दिवशी उपाशीपोटी मनातलं बोलतात.

म्हणून खेळ चालू आहे, पण काही नेम घालून घेतले आहेत. अष्टमी-चतुर्दशीला डाव नाही. दिवस मावळल्यावर नाही. स्वाध्याय झाल्याशिवाय फाईल उघडायची नाही. ज्या दिवशी जहाज बुडेल, कुणाचंही, त्या दिवशी नऊ वेळा णमोकार म्हणूनच उठायचं. आणि पत्रात 'कशी जिरवली' अशा अर्थाचं एक अक्षर लिहायचं नाही. हा नेम मुलानेही पाळायचं कबूल केलं आहे, पहिले दोन मात्र त्याला अजून विचित्र वाटतात.

अक्कांना मी हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तरीही अनर्थदंड तो अनर्थदंडच." मी वाद घातला नाही. या खेळाने निर्जरा होते असं मी कुणाला सांगणार नाही. माझ्या खतावणीत हे पान नावेच्या बाजूला आहे, ते मी ओढूनताणून जमेला लावत नाही. पण नावेची बाजू नीट लिहिलेली असली म्हणजे तिच्यावर लक्ष राहतं, एवढं कॉमर्सने शिकवलं आहे.

तुमच्यापैकी काहींची मुलं-नातवंडं असेच तासन् तास पडद्यासमोर असतात. ती काय खेळतात ते एकदा शेजारी बसून बघा. बंद करायला सांगायच्या आधी एक प्रश्न विचारा, हा आकडा कमी का होतोय, हे चिन्ह कसलं आहे. कदाचित ते दोन मिनिटांत कंटाळतील. कदाचित पाऊण तास बोलतील.

आमच्या खेळात आता सप्टेंबर १९४२ सरत आला आहे. सव्वा वर्षात एवढं झालं. ऑगस्ट १९४५ यायला हजारावर डाव बाकी आहेत, याच चालीने चार-साडेचार वर्षं. मी तेव्हा अडुसष्टची असेन. या खेळात तहाचं बटण नाही. दोघांनी मिळून फाईल पाठवणं थांबवायचं ठरवलं तर तोच तह. त्याने अजून तसं सुचवलेलं नाही, मीही सुचवलेलं नाही.

उत्तम क्षमा. जय जिनेंद्र.